ऑपरेशन पोटाचं होतं, पण डोक्यातला दाब कोण बघणार?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी ऐरोलीला राहते, रबाळे एमआयडीसीतल्या एका कंपनीत अकाउंट्स बघते. मी डॉक्टर नाही हे आधीच सांगते. पण माझ्या मुलाच्या डोक्यात शंट आहे, गेली १९ वर्षं त्या शंटबरोबर आमचं घर राहतंय, आणि गेल्या पावसाळ्यात जे झालं त्यानंतर हे लिहिल्याशिवाय मला राहवलं नाही. जरा लांबेल पत्र, पण जमलं तर पूर्ण छापा.

तो चार महिन्यांचा असताना माझ्या सासूबाई रोज त्याची टाळू भरायच्या. एक दिवस तेल घालता घालता त्या थांबल्या आणि म्हणाल्या, अगं हात लावून बघ, टाळू फुगल्यासारखी वाटते, हाताला घट्ट लागते, रडत नसताना पण. मला वाटलं उगाच काहीतरी. पण दोन-तीन दिवसांत त्याची बुबुळं खाली झुकल्यासारखी दिसायला लागली, दूध ओकायला लागला, टोपडं घट्ट व्हायला लागलं. डॉक्टरांनी टाळूवरच सोनोग्राफीचा प्रोब ठेवला आणि सांगितलं की मेंदूत पाणी साठतंय, हायड्रोसेफॅलस. मग शंट बसवला, म्हणजे डोक्यातून त्वचेखालून पोटात जाणारी बारीक नळी आणि मधे एक व्हॉल्व्ह, जास्तीचं पाणी पोटात जातं आणि तिथं जिरतं.

सासूबाई आता नाहीत. पण मला नंतर खूप वेळा वाटलंय की त्यांच्या हाताला जे कळलं ते कुठल्याच मशीनला आधी कळलं नव्हतं. लहान बाळाच्या डोक्यात दाब वाढला तर टाळू सांगते, ती देवाने ठेवलेली खिडकीच आहे. साधारण वर्ष-दीड वर्षात ती खिडकी बंद होते आणि मग कवटी म्हणजे चारी बाजूंनी बंद डबा. आत मेंदू, रक्त आणि पाणी, तिन्ही मिळून जागा ठरलेली, एक वाढलं तर दुसऱ्याला सरकावं लागतं आणि सरकायला जागा संपली की दाब झपाट्याने वर जातो. हे मन्रो आणि केली या दोन स्कॉटिश डॉक्टरांनी १७८३ आणि १८२४ मधेच सांगून ठेवलंय.

आता गेल्या जुलैचं सांगते. रात्री मुलाच्या पोटात दुखायला लागलं, उजव्या बाजूला खाली, पाऊस इतका की रिक्षा मिळेना, शेवटी शेजारच्यांनी गाडी काढली आणि जवळच्या एका हॉस्पिटलला नेलं (नाव लिहीत नाही, मला कुणाला बदनाम करायचं नाहीये). अपेंडिक्स निघालं. सकाळी दुर्बिणीतून काढू म्हणाले, लहान छेद, दोन दिवसांत घरी. ऑपरेशनच्या आधी भुलीचे डॉक्टर तपासायला आले, फॉर्मवर दमा आहे का, शुगर आहे का, दात हलतो का, कशाची अ‍ॅलर्जी, सगळं विचारलं. शंटचा प्रश्न फॉर्मवर नव्हताच. मी स्वतः सांगितलं की ह्याच्या डोक्यात शंट आहे, आणि गेले पंधरा-वीस दिवस सकाळी उठल्यावर डोकं जड आहे म्हणतो. ते घाईत होते, बाहेर अजून दोन केस थांबल्या होत्या. म्हणाले ऑपरेशन पोटाचं आहे, डोक्याचा काय संबंध.

ते वाक्य अजून माझ्या कानात आहे.

संबंध काय असतो ते मला नंतर कळलं, आणि ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी लिहिते. दुर्बिणीच्या ऑपरेशनला पोटात कार्बन डायऑक्साइड गॅस भरून पोट फुगवतात, आतला दाब साधारण १२ ते १५ ठेवतात, बीपी ज्या मापात मोजतात त्याच मापात. अपेंडिक्सला टेबल डोक्याकडून खाली झुकवतात म्हणजे आतडी वर सरकतात आणि डॉक्टरांना नीट दिसतं. आता पोट फुगलं की छातीवर दाब येतो, डोकं खाली असलं की मानेतून परत येणारं रक्त तुंबतं, आणि तो गॅस थोडा थोडा रक्तात शिरतो. रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढला की मेंदूच्या रक्तवाहिन्या फुगतात. म्हणजे तिन्ही बाजूंनी डोक्यात दाब वाढायला कारण. धडधाकट माणसाला हे सोसतं, थोडा वेळ दाब वाढतो आणि मग उतरतो, रोज हजारो ऑपरेशनं होतात. शंट असलेल्यांची सुद्धा दुर्बिणीची ऑपरेशनं नीट होतात, मला कुणाला घाबरवायचं नाहीये. पण ज्याचा शंट आधीच चोंदत आलाय त्याच्या डोक्यातल्या जास्तीच्या पाण्याला बाहेर जायला वाटच नसते.

आणि त्याला भूल दिलेली असते. जागा माणूस डोकं दुखतंय म्हणतो, उलटी करतो, धूसर दिसतंय म्हणतो. भुलीत कोण बोलणार? श्वास मशीन देत असतं त्यामुळं श्वास बिघडलेला पण कळत नाही. मॉनिटरवर हृदयाचे ठोके, बीपी, ऑक्सिजन, बाहेर येणारा कार्बन डायऑक्साइड, तापमान सगळं दिसतं. डोक्यातल्या दाबाची रेघ त्यात नसते. बीपी खूप वाढलं आणि नाडी मंद झाली तर शंका येते म्हणे, पण ते फार उशिराचं लक्षण, तोपर्यंत पाणी डोक्यावरून गेलेलं असतं.

एक हिशोब मला डॉक्टरांनी नंतर कागदावर मांडून दाखवला आणि मी अकाउंट्सवाली असल्यामुळं तो डोक्यात पक्का बसला. मेंदूला रक्त ढकलणारा दाब म्हणजे सरासरी बीपी वजा डोक्यातला दाब. मोठ्या माणसाचा डोक्यातला दाब साधारण ७ ते १५ असतो. बीपी ८० आणि डोक्यात १० असेल तर ७० उरले, उत्तम. भुलीमुळं बीपी ६५ वर आलं आणि डोक्यात २५ झाले तर उरले फक्त ४०. पहिली संख्या मॉनिटरवर ठळक दिसते, दुसरी कुणालाच दिसत नाही. मग वजाबाकी कशी करायची?

ऑपरेशन तसं नीट झालं, अपेंडिक्स फुटलं नव्हतं हे आमचं नशीब, नाहीतर पोटातल्या नळीला इन्फेक्शन व्हायची भीती होती. पण मुलगा जागा व्हायलाच तयार नाही. दोन तासांनी डोळे उघडले, परत मिटले. मग उलट्या सुरू. डोकं धरून कण्हत होता. सिस्टर म्हणाल्या भुलीमुळं होतं, सगळ्यांनाच होतं. मी म्हटलं हे भुलीचं नाही, मी हे त्याच्या सातव्या वर्षी एकदा बघितलंय, तेव्हा पण शंट बंद पडला होता. संध्याकाळ झाली, रात्र झाली, उलटीचं इंजेक्शन दिलं. ह्यांनी शेवटी सकाळी सही करून डिस्चार्ज घेतला आणि आम्ही अ‍ॅम्ब्युलन्समधून ठाण्याला एका मोठ्या हॉस्पिटलमधे आलो. विटाव्याच्या पुलाखाली अर्धा तास अडकलो होतो, तो अर्धा तास मी कधी विसरणार नाही, मुलगा हाका मारल्या तरी नुसतं हं करत होता.

तिथं कॅज्युअल्टीत एक तरुण मुलगी होती, भुलीची डॉक्टर, वेगळ्याच पेशंटसाठी खाली आली होती. मी शंट शब्द उच्चारल्याबरोबर ती थांबली. कोपऱ्यातलं सोनोग्राफीचं छोटं मशीन ओढलं, मुलाचे डोळे मिटवले, पापणीवर पारदर्शक पट्टी लावली, वर भरपूर जेली घातली आणि प्रोब अगदी हलका टेकवला. म्हणाली, काकू, दाब द्यायचा नसतो डोळ्यावर, आणि मशीनची पॉवर पण डोळ्यापुरती कमी केलेली असते. स्क्रीनवर काळा गोल दिसला तो डोळा, आणि त्याच्या मागे एक काळपट पट्टा, तो डोळ्याच्या नसेचा. डोळ्याच्या मागे ३ मिलिमीटर अंतरावर तिने आडवी रेघ मारून माप घेतलं. उजवा ६.४ मिलिमीटर, डावा ६.३. सगळं मिळून दोन-तीन मिनिटं. ती म्हणाली हे जास्त आहे, सीटीला पाठवा आणि न्यूरोसर्जनना आत्ता फोन करा.

तेव्हा काही कळलं नाही, नंतर विचारलं तेव्हा तिने शांतपणे समजावलं. डोळ्याची नस ही मेंदूचाच बाहेर आलेला भाग, तिच्याभोवती मेंदूचंच आवरण असतं आणि त्या आवरणात मेंदूभोवतीचंच पाणी खेळतं. आत दाब वाढला की ते पाणी इकडे ढकललं जातं आणि नसेभोवतीचं आवरण फुगतं, काही मिनिटांतच. बहुतेक ठिकाणी मोठ्या माणसात ५ ते ६ मिलिमीटरच्या मधे कुठेतरी धोक्याची रेघ मानतात, प्रत्येक अभ्यासात थोडी वेगळी. मी ते ऐकलं आणि मला सासूबाईंचा तेलाचा हात आठवला. टाळू बंद झाली तरी एक खिडकी राहतेच की, ती डोळ्याच्या मागे आहे.

सीटीत मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्या फुगलेल्या दिसल्या, नळी डोक्यातल्या टोकाला चोंदली होती. त्याच दिवशी ऑपरेशन करून ती बदलली. न्यूरोसर्जन म्हणाले ही आधीपासून हळूहळू चोंदत आली असणार, सकाळचं डोकं जड होणं हेच त्याचं होतं. म्हणजे अपेंडिक्सच्या आधी कुणी दोन मिनिटं डोळ्यावर प्रोब ठेवला असता तर कदाचित तिथंच कळलं असतं. हे मी रागाने लिहीत नाही, खरंच नाही. ते पहिले डॉक्टर वाईट नव्हते, त्यांना ती सवयच नव्हती. पण माझा मुलगा २४ तास त्या दाबाखाली पडून होता.

या सगळ्यावर मी नंतर जमेल तेवढं वाचलं, डॉक्टरांना विचारून खात्री केली. दाब मोजायची सगळ्यात पक्की पद्धत म्हणजे कवटीला भोक पाडून आत नळी किंवा सेन्सर घालणं. नील्स लुंडबर्ग नावाच्या स्वीडिश न्यूरोसर्जननी १९६० मधे असं सलग मोजून दाखवलं तेव्हापासून ती पद्धत आहे आणि डोक्याच्या गंभीर इजेत ती वापरतात, तिथं आकडा २२ च्या वर गेला की उपचार करा असं सांगतात. पण त्यात इन्फेक्शन आणि रक्तस्रावाची भीती असते, न्यूरोसर्जन लागतो, आणि अपेंडिक्स काढायचं म्हणून कुणी कवटीला भोक पाडत नाही, पाडूही नये. म्हणून तर बाहेरून बघायच्या पद्धती महत्त्वाच्या. डोळ्याची सोनोग्राफी एक. दुसरी कानशिलावर प्रोब ठेवून मेंदूच्या रक्तवाहिनीतला प्रवाह बघायचा डॉप्लर, नॉर्वेच्या रुने आस्लिड यांनी १९८२ मधे आणलेला, तो पण चांगला पण काही लोकांच्या कानशिलाचं हाड जाड असतं आणि त्यातून लहरी जातच नाहीत. कपाळावर पट्ट्या लावून ऑक्सिजन बघतात तो दाब नाही सांगत, मेंदूला ऑक्सिजन पुरतोय का ते सांगतो. बाहुल्या उजेडाला कशा आकसतात ते मोजायचं यंत्र पण आहे, पण भुलीबरोबर जी अफूच्या जातीची वेदनाशामकं देतात त्यांनी बाहुल्या आधीच बारीक झालेल्या असतात.

आणि एक गोष्ट वाचून तर मला भरून आलं. ब्राझीलमधे सर्जिओ मास्कारेन्हास नावाचे भौतिकशास्त्रज्ञ होते, आडनाव वाचून मला आधी गोव्याचेच वाटले. त्यांना म्हातारपणी स्वतःला हायड्रोसेफॅलस झाला, शंट बसवावा लागला, म्हणजे माझ्या मुलाचंच दुखणं. दाब मोजायला डोक्यात भोक पाडावं लागतं हे त्यांना पटेना. कवटी अजिबात ताणली जात नाही असं सगळे धरून चालले होते, त्यांनी दाखवलं की नाही, दाबाबरोबर ती अगदी सूक्ष्म का होईना हलते, आणि ती हालचाल बाहेरून पट्ट्यातल्या सेन्सरने टिपता येते. त्यातून पुढे यंत्र तयार झालं. २०२१ मधे ते गेले. पेशंटनेच आपल्या दुखण्यासाठी वाट काढली.

पण ते यंत्र आपल्याकडे कधी येईल, केवढ्याला येईल, तोपर्यंत कशाला थांबायचं? सोनोग्राफीचं मशीन तर बहुतेक हॉस्पिटलमधे आहेच. सपाट प्रोब पण असतो, भुलीचे डॉक्टर हल्ली हातापायाची नस बधिर करायला तोच वापरतात. मग अडतं कुठं? एक तर सवय आणि शिक्षण. दुसरं म्हणजे कागदपत्रं. गर्भलिंग निदान बंदीच्या कायद्यामुळं प्रत्येक सोनोग्राफी मशीनची नोंद लागते, कुठल्या जागेत ठेवणार आणि कोण वापरणार हे लिहून द्यावं लागतं, वरच्या मजल्यावरचं मशीन ज्याचं नाव नोंदवलेलं नाही अशा डॉक्टरने खाली ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमधे, आणून वापरलं असं चालत नाही. आता मी बाई आहे, मला एक मुलगी पण आहे, हा कायदा ढिला करा असं मी मेले तरी म्हणणार नाही. महाराष्ट्राने १९८८ मधेच देशात सगळ्यात आधी असा कायदा केला, केंद्राचा १९९४ चा, ह्याचा मला अभिमान आहे. माझं म्हणणं एवढंच की कायद्याला धक्का न लावता भुलीच्या डॉक्टरांची नावं ओटीतल्या मशीनसाठी लवकर नोंदवून मिळावीत, त्यात महिनोन् महिने जाऊ नयेत, आणि हॉस्पिटलवाल्यांनी पण त्या कटकटीला भिऊन मशीन कुलपात ठेवू नये. डोळ्यासाठी लागणारा सपाट प्रोब वरवरचंच बघतो, पोटात खोलवर बघायचा प्रोब वेगळा असतो, एवढा फरक अधिकाऱ्यांनाही माहीत असतोच.

कळव्याला ठाणे महापालिकेचं मेडिकल कॉलेज आहे, वाशीला नवी मुंबई महापालिकेचं मोठं हॉस्पिटल आहे. तिथं जे डॉक्टर तयार होतात आणि काम करतात त्यांना हे शिकवलं तर ते पुढे आपल्याच नर्सिंग होममधे जाणार. आणि हे फक्त शंटवाल्यांपुरतं आहे असं समजू नका. घोडबंदर रोडला, ठाणे-बेलापूर रोडला, मुंब्रा बायपासला बाइकवरून पडलेली मुलं रोज येतात, मांडीचं हाड मोडलेलं असतं आणि डोक्याला पण मार असतो. पाय दिसतो म्हणून पायाचं ऑपरेशन घाईने होतं. त्या वेळी भुलीत चार-पाच तास डोक्यात काय चाललंय? प्रोस्टेटच्या रोबोट ऑपरेशनला तर टेबल फारच झुकवतात आणि तासन् तास तसंच ठेवतात, त्यात नसेचं आवरण फुगतं हे बऱ्याच अभ्यासांत मोजलेलं आहे. बाळंतपणात बीपी खूप वाढलेल्या बायकांच्यात पण ते फुगलेलं सापडतं.

कुणी म्हणेल की कळून उपयोग काय. उपयोग आहे ना. टेबल सरळ करता येतं, डोकं ३० अंश वर घेता येतं, श्वासाची नळी धरून ठेवायला मानेला घट्ट बसलेली टेप सैल करता येते, पोटातल्या गॅसचा दाब कमी करता येतो, व्हेंटिलेटरवर कार्बन डायऑक्साइड आटोक्यात आणता येतो, बीपी वर ठेवता येतं, डोक्यातला दाब उतरवणारं मॅनिटॉल हे औषध देता येतं, नाहीच जमलं तर दुर्बिणीऐवजी उघडं ऑपरेशन करता येतं. यातल्या बहुतेक गोष्टींना एक रुपया जास्तीचा लागत नाही.

एक मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवं, डॉक्टरबाईंनीच मला बजावलं होतं. हे माप म्हणजे दाबाचा आकडा नव्हे. मोजणाऱ्याचा हात बसलेला असावा लागतो, अर्ध्या मिलिमीटरच्या चुकीने निष्कर्ष फिरतो, आणि ज्यांना वर्षानुवर्षं हायड्रोसेफॅलस आहे त्यांचं आवरण मुळातच थोडं सैलावलेलं असू शकतं. म्हणून बाहेरच्या धोक्याच्या रेघेपेक्षा त्याच माणसाचं बरं असतानाचं माप जास्त कामाचं. माझा मुलगा घरी यायच्या दिवशी तिने परत दोन्ही डोळे मोजले, ५.१ आणि ५. म्हणाली काकू हे जपून ठेवा, पुढे कधीही कसलंही ऑपरेशन निघालं, अगदी अक्कलदाढेचं, तरी भूल देण्याआधी हे दाखवा आणि म्हणा की आधी मोजा, मधे मोजा, संपल्यावर मोजा.

ठाणे-नवी मुंबईत ज्यांच्या घरी शंट असलेलं कुणी आहे त्यांना माझी कळकळीची विनंती आहे की मुलगा किंवा मुलगी ठणठणीत असतानाच हे माप काढून घ्या, डॉक्टर नाही म्हणाले तरी परत विचारा. आणि हॉस्पिटलवाल्यांना विनंती की भुलीच्या फॉर्मवर एक ओळ छापा, डोक्यात शंट आहे का, महिन्याभरात डोक्याला मार लागलाय का, सकाळी उठल्यावर डोकं दुखतं का. एवढी एक ओळ.

माझा मुलगा परत कॉलेजला जायला लागलाय, ऐरोलीहून ठाण्याला लोकलने जातो. शंट कुठल्या वर्षी बसवला, कधी बदलला, व्हॉल्व्ह कुठला आणि डोळ्याची दोन मापं असं एका जाड कागदावर मी माझ्या अक्षरात लिहून लॅमिनेट करून दिलंय, ते तो पाकिटात रेल्वेच्या पासच्या मागे ठेवतो. रोज निघताना मी विचारते घेतलंस का, आणि तो आधी पाकीट दाखवतो मगच दाराबाहेर पडतो.

आपली नम्र,
एक आई, ऐरोली, नवी मुंबई